फळ्यावरची बातमी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९७५च्या जुन्या मॅट्रिक बॅचच्या वतीने केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी आत्ताच कानात सांगितलं, "काका, वीस मिनिटं." आमच्या वेळी सर भाषणाला उभे राहिले की आम्ही घड्याळाकडं नाही, सावलीकडं बघायचो. सावली पायरीवरून खाली उतरली की समजायचं, आता संपतंय. आज मंडपात सावली दिसत नाही, त्यामुळं तुम्हाला घड्याळावरच भागवावं लागेल.

आमच्या बॅचची एक गंमत आधी सांगून टाकतो. १९७५ साली महाराष्ट्रात एकाच वर्षी दोन मॅट्रिक झाल्या. आमची जुनी अकरावीची शेवटची, आणि आमच्या मागच्यांची नवी दहावीची पहिली. म्हणजे आम्ही एक वर्ष जास्त शिकलो आणि धाकट्या भावाबरोबर एकाच साली पास झालो. काही घरांत तर दोघांचे पेढे एकाच पुड्यात आले. आम्ही नापास झाल्यामुळं धाकट्यांबरोबर आलो, असं आमच्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं.

पण मी आज बोलणार आहे ते १९७५बद्दल नाही. तेव्हापेक्षा चार वर्षं मागचं आहे. आम्ही आठवीत होतो. १९७१चा डिसेंबर. चौदा दिवसांची लढाई. आमच्या बॅचच्या लोकांना वाटेल, हा आता खंदकाची आणि कापसाच्या बोळ्यांची गोष्ट सांगणार. ती सांगणारच आहे. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. ती आम्ही चोपन्न वर्षांत एकदाही एकत्र बसून बोललेलो नाही. ती आज शाळेच्या स्मरणिकेत लिहिली जावी, अशी माझी इच्छा आहे. कारण तिच्यात चूक माझी आहे.

आधी तेव्हाची शाळा डोळ्यांसमोर आणा. टिनाची लांब ओळ, पुढं ओटा, समोर मैदान. आठवी आणि नववीच्या मध्ये भिंत नव्हती, तट्टी होती. नववीला इतिहास शिकवत असले की आमचा भूगोल पातळ व्हायचा. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी मुली शेण आणायच्या, मुलं पाणी आणायची, आणि सगळे मिळून वर्ग सारवायचे. मुली होत्याच किती? आमच्या वर्गात सहा. त्यातल्या चौघी आज इथं आल्या आहेत, ही आमच्या बॅचची सगळ्यात मोठी कमाई आहे.

आपला तालुका तेव्हा मेहकर. जवळचं मोठं शहर जालना. किनगावराजा, सिंदखेडराजा, मग जालना, असा एसटीचा रस्ता. सिंदखेडराजा ओलांडलं की आमचे आजोबा म्हणायचे, "आता मोगलाई लागली." निजामाचं राज्य १९४८ला गेलं, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडात मोगलाई राहिली होती. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. कापूस बोंडात कमी आणि ज्वारी पोटरीतच वाळलेली. तरी वर्षभर गावात बोलणं चालायचं ते पूर्व पाकिस्तानातून येणाऱ्या निर्वासितांचं. जवळपास एक कोटी माणूस सरहद्द ओलांडून आपल्याकडं आलं होतं. एक कोटी म्हणजे किती, हे आम्हाला कळत नव्हतं. गणिताच्या सरांनी फळ्यावर एकावर सात शून्यं काढली आणि म्हणाले, "दुसरबीडसारखी गावं किती लागतील, ते तुम्हीच भागा." आम्ही भागत बसलो आणि तास संपला. मग १५ नोव्हेंबरपासून टपालावर शरणार्थी साहाय्याचं पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लागले. पोस्टात पाकीट टाकायला गेलो तेव्हा माझ्याजवळ पाच पैसे कमी पडले. लढाई माझ्यापर्यंत पहिल्यांदा पोचली ती अशी.

३ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले. इंदिराजी त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. त्या दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्रीनंतर रेडिओवर बोलल्या. आम्ही तेव्हा झोपलेलो होतो. शनिवारी सकाळी शाळेत आलो तर हेडसर ओट्यावर ट्रान्झिस्टर घेऊन उभे. त्या ट्रान्झिस्टरला चामडी पिशवी होती आणि सर त्याला कुणालाही हात लावू देत नसत. सेल उतरले की ते काढून उन्हात ठेवायचे, मग आणखी दोन दिवस चालायचे. त्या पंधरवड्यात सेल राखायची ड्यूटी दोन मुलांना लावली होती. पोट्टे सेलपाशी अशा थाटात उभे राहायचे की जणू तोफच राखतायत.

प्रार्थना झाल्यावर हेडसर म्हणाले, "युद्ध सुरू झालं आहे. गावात पेपर येतो तो नागपूरचा, तोही दुसऱ्या दिवशी. रेडिओ चार घरी. म्हणून रोज सकाळी बातम्या ऐकून बाहेरच्या फळ्यावर लिहायच्या. गावकरीही वाचतील. अक्षर कुणाचं चांगलं आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. अक्षर बरं होतं, एवढीच माझी लायकी. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी हेडसरांच्या खोलीबाहेर पाटी-पेन्सिल घेऊन बसायचो. मराठी बातम्या, मग हिंदी. देवकीनंदन पांडेय यांचा आवाज आला की सर बोट वर करायचे आणि मी श्वाससुद्धा हळू घ्यायचो. जेवढं कळलं तेवढं पाटीवर, सरांना दाखवायचं, मग फळ्यावर. ६ डिसेंबरला भारतानं बांगलादेशाला मान्यता दिली, ती बातमी लिहिताना 'मान्यता' शब्दाला मी रंगीत खडू वापरला. शेतावर जाणारी माणसं फळ्यापाशी थांबायची. ज्याला वाचता येत नव्हतं तो दुसऱ्याला म्हणायचा, "वाच रे बापा, काय म्हणते आज." गावातली मोठी माणसं मला विचारायला लागली, "काय, आज कुठवर गेले आपले?" जणू मीच पाठवत होतो. तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात किती हवा जाईल, ते तुम्हीच समजून घ्या.

शाळेत दुसरंही बरंच चाललं होतं. पीटीच्या सरांनी मैदानाच्या कडेला खंदक खणायला लावला, इंग्रजी एल अक्षरासारखा. भोंगा वाजला की पोटावर पालथं पडायचं, कोपरं टेकवायची, कानात बोळे घालायचे, दातांत रुमाल धरायचा. शहरात म्हणे कापूस विकत आणावा लागे. आपल्याकडं कानात घालायला कापूस मुबलक, पण दातांत धरायला रुमाल कुणाकडंच नव्हता. आम्ही टोप्या धरल्या. भोंग्याऐवजी शाळेची घंटा. पहिल्याच सरावात घंटा झाली, सगळे खंदकात, आणि पहिलीला असलेली सरांची मुलगी घंटा ऐकून घरी गेली. तिला वाटलं, शाळा सुटली.

विमानं इकडं कशाला येतील, असं कुणी विचारलं तर दहावीतली मोठी मुलं म्हणायची, "भुसावळचं जंक्शन आहे, वरणगावची फॅक्टरी आहे. तिकडं निघालेलं विमान चुकलं तर?" रात्री दिवे झाकायची सूचना आली. आमच्या गल्लीत वीज यायचीच होती. आमचे आजोबा म्हणाले, "आपण जन्मापासून ब्लॅकआउटमध्येच आहोत." तरी आईनं कंदिलाच्या काचेला काळा कागद लावला आणि त्या अंधारात भाकरी करपली.

स्नेहसंमेलन रद्द झालं. त्याचे पैसे राष्ट्रीय संरक्षण निधीत. शिवाय रोज प्रत्येकानं घरून मूठभर ज्वारी आणायची, ती पोत्यात टाकायची, आणि आठवडी बाजारात विकून पैसे निधीच्या डब्यात. ते वर्ष कसं होतं हे मी सांगितलंच. तरी पोतं भरत होतं. एक मुलगा मुठीत अर्धी ज्वारी आणि अर्धं भुसकट आणायचा. सरांना ते दिसायचं. सर काही बोलायचे नाहीत.

मुलींनी जवानांना पत्रं लिहिली. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पत्ता फक्त ५६ ए.पी.ओ. एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, "तिकडं थंडी किती आहे? आमच्याकडं पहाटे बैलाच्या तोंडातून वाफ निघते." तिला फेब्रुवारीत हिंदीत उत्तर आलं. थंडी खूप आहे, पण आमच्याकडं बैल नाहीत, एवढंच. ते पत्र तिनं लग्नात माहेराहून नेलं. आज ती घेऊन आली आहे, चहाच्या वेळी अवश्य बघा.

आता मी जे सांगायला उभा आहे, ते.

दर हिवाळ्यात गावात एक पिंजारी यायचे, जालन्याहून. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पारापाशी उतरायचे. खांद्यावर ते लांब पिंजण, त्याला ताणून बांधलेली तात. लाकडी ठोकळ्यानं तातीवर मारलं की टंय् टंय् असा आवाज गल्लीभर जायचा आणि कापूस धुक्यासारखा उडायचा. आमच्यातल्या निम्म्या मुलांच्या अंगाखालच्या गाद्या त्यांनी पिंजलेल्या. आम्ही लहानपणी त्या कापसात उड्या मारायचो, ते ओरडायचे नाहीत. जाताना एखाद्या पोराच्या डोक्यावर कापसाचा पुंजका ठेवून म्हणायचे, "देखो, बुढ्ढा हो गया."

७१ सालीही ते आले होते. लढाई सुरू झाली तेव्हा गावातच होते.

रेडिओवर रोज सांगायचे, अफवांवर विश्वास ठेवू नका, अनोळखी माणसांबाबत सावध राहा. आम्ही त्यातलं दुसरं तेवढं ऐकलं. मोठ्या मुलांनी रात्रीची गस्त सुरू केली होती. मंगळवारी रात्री त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "पिंजाऱ्याच्या त्या दांड्यात वायरलेस आहे. रात्रीचा टंय् टंय् वाजवतो ते काय उगीच? आणि भुसावळची गाडी कधी असते, असं विचारत होता."

मी विचारलं नाही, कुणाला विचारत होता. मी विचारलं नाही, तू स्वतः ऐकलंस का. ज्या माणसाच्या कापसात मी लोळलो होतो, त्याच्याबद्दल मला एवढंही विचारावंसं वाटलं नाही. बुधवारी, ८ डिसेंबरला, सकाळी सरांनी पाटी तपासली, मी फळ्यावर बातम्या उतरवल्या, आणि सर वर्गावर गेल्यावर खाली राहिलेल्या जागेत मी माझी एक ओळ घातली: "गावात शत्रूचा हेर असल्याचा संशय. सर्वांनी सावध राहावे." नाव लिहिलं नव्हतं. नाव लिहायची गरज नव्हती. दुपारपर्यंत गावानं ते आपापसात लिहून टाकलं. फळ्यावर आलं म्हणजे रेडिओवर आलं, असंच लोकांना वाटलं. का वाटू नये? चार दिवस मीच त्यांना तशी सवय लावली होती.

संध्याकाळी पारावर गर्दी झाली. मोठी मुलं, काही बाप्ये. मी होतो. कंदील माझ्या हातात होता. चाचा चूल पेटवून भाकरी भाजत होते. कुणी तरी पिंजण ओढलं. त्यांनी ते धरून ठेवलं, कारण ते त्यांचं पोट होतं. आम्हाला वाटलं, लपवायचं आहे म्हणून धरतायत. ओढाताणीत तात तुटली, मग दांडा दगडावर आपटून फोडला. आत लाकूड होतं. वायरलेस नव्हता. इथं थांबायला हवं होतं. पण दांड्यात काही निघालं नाही म्हटल्यावर गर्दी गाठोड्याकडं वळली. एक फाटकी वाकळ, मिठाची पुडी, आणि उर्दूत लिहिलेली एक चिठ्ठी. चिठ्ठी दिसल्यावर मात्र आवाज वाढला. कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून सगळ्यांना तिच्यात काय लिहिलंय ते माहीत होतं.

तेवढ्यात आमचे हिंदीचे सर आले. कुणी बोलावलं, ठाऊक नाही. सरांचं शिक्षण मोगलाईत झालेलं. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेला माणूस. सर गर्दीतून पुढं आले, चाचांच्या शेजारी मातीत बसले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कंदील जवळ आण."

मी कंदील धरला. सरांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि ओळीओळीला मराठीत सांगितली. चाचांच्या मुलानं एसटीच्या कंडक्टरबरोबर जालन्याहून पाठवली होती. लिहिलं होतं: तुमची खोकल्याची पुडी घरीच राहिली. शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. घरभाड्याचे सात रुपये द्यायचे राहिलेत. थंडीत उघड्यावर झोपू नका. लढाई सुरू झाली आहे. कुणी काही बोललं तर उलट बोलू नका. काम आटपून घरी या.

सरांनी चिठ्ठीची घडी घातली आणि चाचांच्या हातात दिली. कुणी काही बोललं नाही. माणसं एकेक करून पांगली. भाकरी तव्यावर जळून गेली होती. सरांनी चाचांना आपल्या घरी नेलं. मी कंदील घेऊन मागं मागं गेलो. दारात सर वळले आणि म्हणाले, "उद्या प्रार्थनेच्या आधी ये."

मला वाटलं, छडी. मी दोन्ही तळहातांना रात्री तेल लावून झोपलो. छडी नव्हती. हेडसर आणि हिंदीचे सर दोघं ओट्यावर उभे होते. हेडसर म्हणाले, "कालची ओळ तू कुणाकडून ऐकलीस?" मी त्या मुलाचं नाव सांगितलं. "त्यानं कुणाकडून?" ठाऊक नव्हतं. "तू मला दाखवलीस?" नाही. सर म्हणाले, "मग लिही." आणि त्यांनी मला सांगितलेलं मी संपूर्ण शाळेसमोर फळ्यावर लिहिलं: "काल या फळ्यावर हेराबद्दल लिहिलेली ओळ खोटी होती. ती मी लिहिली." खाली माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. माझे वडील त्या दिवशी शेतावर जाताना फळ्यापाशी थांबले. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही, आणि तेच मला छडीपेक्षा जास्त लागलं.

चाचा पहाटेच्या गाडीनं निघून गेले होते.

हिंदीच्या सरांनी वर्गात विचारलं, "पिंजण कुणी भरून द्यायचं?" एक जण म्हणाला, निधीच्या डब्यातून देऊ. सर म्हणाले, "डबा जवानांचा आहे. मोडलं तुम्ही, तुम्हीच भरा." तीन दिवस आम्ही कडबा वाहिला, कापूस वेचायला गेलो, कुणी आईकडून मागून आणले. रविवारी सर ते पैसे घेऊन एसटीनं जालन्याला गेले. मोहल्ला त्यांनी चाचांना विचारून ठेवला होता.

सोमवारी सर वर्गात आले. म्हणाले, भेटले. पैसे मोजून घेतले, नव्या पिंजणाचे आणि तातीचे तेवढे ठेवले आणि बाकीचे परत केले. म्हणाले, "बच्चों के उस डब्बे में डाल देना." आणि म्हणून निधीच्या यादीत त्या दिवशी एक नाव वाढलं. प्रार्थनेनंतर यादी वाचायचं कामही माझ्याकडंच होतं. ते नाव मी वाचलं, पुढची रक्कम वाचली. चार रुपये.

मित्रहो, मला ते नाव आज आठवत नाही. वर्षानुवर्षं आम्ही त्यांना चाचा म्हणालो, नाव विचारलं नाही. एकदा वाचलं, तेही विसरलो. गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यालयात मी जुनी कागदपत्रं पाहिली. यादी सापडली नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या वर्गात एक मित्र होता, ज्याच्या घरी आम्ही ईदला शीरखुर्मा प्यायला जायचो. त्या बुधवारनंतर तो दोन दिवस शाळेत आला नाही. आम्हाला वाटलं, ताप असेल. तिसऱ्या दिवशी आला आणि मूठभर ज्वारी पोत्यात टाकून जागेवर बसला. त्या दिवशी त्यानं दोन मुठी टाकल्या, हे मी पाहिलं होतं. का, ते मला कळायला बरीच वर्षं लागली. आज इथं बोलण्याआधी मी त्याला फोन केला. म्हटलं, सांगू का? तो म्हणाला, "सांग. माझं नाव घेऊ नको. मी मागं बसतो." तो मागं बसला आहे. त्या दोन दिवसांबद्दल मी त्याची माफी मागतो. आजवर मागितली नव्हती.

त्या दिवसानंतर हेडसरांनी फळ्याचा नियम केला. प्रत्येक बातमीखाली दोन गोष्टी लिहायच्या: कुठून कळली, आणि कुणी लिहिली. ९ डिसेंबरच्या रात्री आपली 'खुकरी' युद्धनौका बुडाली. गावात कुणी म्हणे तीन जहाजं गेली, कुणी म्हणे एकही नाही. आम्ही रेडिओवर ऐकलं तेवढंच लिहिलं, खाली लिहिलं 'आकाशवाणी', आणि माझं नाव. कॅप्टन मुल्ला बोटीबरोबरच गेले, हे लिहिताना मी खडू दोनदा मोडला. वाईट बातमी लिहिली म्हणून एक जण चिडला. हेडसर त्याला म्हणाले, "खोटं लिहून त्या माणसांचा मान वाढणार आहे का?"

१६ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली आणि सगळं गाव शाळेच्या मैदानात आलं. लेझीम निघाली, हलगी निघाली. खंदकात दोघं पडले, पण लागलं नाही. लोक ओरडत होते, "लिही, लिही!" मी कंदिलाच्या उजेडात लिहिलं: "ढाका येथे पाकिस्तानी सैन्याची जनरल अरोरा यांच्यापुढे शरणागती." आणि त्या गलक्यातही खाली लिहिलं: ऐकलं आकाशवाणीवर, ऐकणारे हेडसर, लिहिणार मी. कोणी हसलं नाही. त्याच आठवड्यात, १५ तारखेला, नागपूरहून 'लोकमत' दैनिक म्हणून सुरू झाला होता. गावात त्याचे सुरुवातीचे अंक आले तेव्हा आमचे हेडसर पेपर उलटा-सुलटा करून आधी बघायचे ते बातमी कुठून आली आहे हे. ती सवय आमच्यातल्या पुष्कळांना लागली.

लढाई चौदा दिवसांत संपली. पुढच्या साली बहात्तरचा दुष्काळ आला, तो लवकर संपला नाही. नववीत आमच्यातले निम्मे सुट्टीत खडी फोडायला गेले. मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्लेली ही बॅच आहे. त्या हिवाळ्यात चाचा आले नाहीत. पिंजायला कापूसच नव्हता, म्हणून आले नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात कापूस होता. तेव्हाही आले नाहीत.

हिंदीचे सर आता नाहीत. हेडसरही नाहीत. मैदानातला खंदक पुढं बुजवला आणि तिथं कडुलिंब लावला, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आत्ता ज्याच्या सावलीत जेवणाची पंगत मांडली आहे, तोच तो.

मागं बसलेल्या मुला-मुलींनो, आता तुमच्याशी दोन शब्द. २०२५च्या मे महिन्यात तुम्हीही चार दिवसांची लढाई पाहिली. ७ तारखेला देशभर सराव झाले, १० तारखेला शस्त्रसंधी झाली. माझ्या नातवाच्या फोनवर त्या चार दिवसांत जेवढ्या बातम्या आल्या, तेवढ्या आमच्या फळ्यावर चार वर्षांत मावल्या नसत्या. त्यातलं एक विमान तर खेळातलं निघालं, व्हिडिओ गेममधलं. नातवानं ते वीस जणांना पाठवलं होतं. मी त्याला रागावलो नाही. मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, पण मी लिहिलं नव्हतं, फक्त पुढं पाठवलं." मी म्हटलं, "मीही फक्त पुढंच पाठवलं होतं."

आम्हाला लढाईतलं फार कळत नव्हतं, तुम्हालाही कळणार नाही. सीमेवर काय झालं ते सैनिक आणि सरकार बघेल. पण गावात काय होतं, ते आपल्या हातात असतं. आपण चार माणसांना काय सांगतो, यावर पाचव्या माणसाची रात्र कशी जाणार, ते ठरतं.

आमच्या बॅचनं शाळेला काय द्यावं, यावर खूप चर्चा झाली. कुणी म्हणालं पाण्याचं मशीन, कुणी म्हणालं कमान. पाण्याचं मशीन आपण देतोच आहोत. कमानीचं राहू दिलं. तिच्याऐवजी आम्ही एक फळा दिला आहे. सकाळी येताना तुम्ही तो ओट्यावर पाहिला असेल. मोठा आहे, चांगल्या लाकडाच्या चौकटीचा. त्याच्या खालच्या कडेला रंगानं दोन रकाने आखून घेतले आहेत. एकात लिहिलं आहे 'कुठून कळलं', दुसऱ्यात 'कुणी लिहिलं'. कोपऱ्यात बॅचचं नाव नाही. ते आम्ही मुद्दाम टाकलं नाही, कारण ते दोन रकाने आमचे नाहीत, सरांचे आहेत.

आज सकाळी मुख्याध्यापकांनी मला त्या फळ्यावर पहिली ओळ लिहायला सांगितली. हात थरथरतो, अक्षर आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मी लिहिलं: "१९७१च्या डिसेंबरात जालन्याच्या एका पिंजाऱ्यानं या शाळेच्या डब्यात राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी चार रुपये दिले." कुठून कळलं: हिंदीचे सर. कुणी लिहिलं: तिथं मी माझं पूर्ण नाव लिहिलं आहे, वडिलांच्या नावासकट.

ज्या कुणाच्या घरी, जालन्यात किंवा इकडं, हिवाळ्यात आपल्या भागात येणाऱ्या पिंजाऱ्याची आठवण असेल, त्यानं शाळेत येऊन त्यांचं नाव सांगावं, एवढी विनंती करतो. त्या ओळीत जागा ठेवली आहे.

सूत्रसंचालक घड्याळ दाखवतायत. थांबतो.

जय हिंद, जय जिजाऊ.